हाकेचं रान गप्प आहे

दिगू, मला तुझी भीती वाटायला लागली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच मोठ्या मनाचा आव आणायला नको. तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. गेलेल्या माणसाची आठवण येते, रडू येतं, असं सगळे म्हणतात. मलाही येतं. पण त्याच्याआधी मी दचकते. फोन वाजला की दचकते, ऑफिसात कुणी मागून "मंजू" म्हटलं की दचकते. वीस वर्षं तू दर शनिवारी दुपारी जोगेश्वरीच्या तुझ्या दोन खोल्यांत बसवून आम्हाला घाबरवलंस आणि आम्ही आपल्या पायांनी, वर वेफर्सची पाकिटं घेऊन, घाबरायला येत होतो. ती भीती निराळी होती. तेव्हा तू समोर बसलेला असायचास.

तुझ्या तेराव्याला आरेच्या डेअरीतले तुझे सहकारी आले होते. त्यांतल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, साळवी शनिवारी नेमकं काय करायचा हो? हाफ डे टाकायचा, पण कधी बोलला नाय." मी सांगितलं, की खेळायचो. एक जण एक जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात, आणि कुठे अडलं तर फासे टाकून ठरवायचं. जो जग सांगतो तो गेम मास्टर. दिगू आमचा गेम मास्टर. "म्हणजे नुसतं बोलायचं?" त्याने विचारलं. म्हटलं, हो, नुसतं बोलायचं. बिचाऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की तू असतास तर तिथेच खुर्चीवरून खाली पडला असतास हसून. मग तो म्हणाला, "दुधाच्या नमुन्यात पाणी आहे का ते वासावरून ओळखायचा. हे मात्र माहीत नव्हतं."

मला ते आवडलं. दुधातलं पाणी तू ओळखायचास, तसंच आमच्या बोलण्यातलंही.

आपण सुरुवात दुसऱ्यांच्या जगांपासून केली होती. इंग्रजी पुस्तकांच्या झेरॉक्स, कोपरे दुमडलेल्या, अर्ध्या पानांवर शाई फिकी. त्या जगांची मूळ नावं आपल्याला कधी नीट उच्चारताच आली नाहीत, म्हणून आपण त्यांना आपली नावं दिली. मिठाचं जग, जिथे समुद्र आटलाय आणि जहाजं मिठावरून ओढत नेतात. सात पुलांचं शहर, जिथे पूल ओलांडला की एक आठवण मागे राहते. आणि आपल्या टेबलावरच्या तिसऱ्याचं, सुहासचं, लाडकं उलट्या डोंगराचं जग, ज्याच्याबद्दल तू म्हणायचास, "बघायला झकास आहे, पण शनिवारी दुपारी झोप येते यार त्यात." सुहास चिडायचा. सुहास तीन वर्षं चिडला होता त्या एका वाक्यावर.

आणि मग आपला तो न संपणारा वाद. यांतल्या कुठल्या जगावर कॉम्प्युटरचा नवा गेम निघायला पाहिजे? मिठाच्या जगावर एक निघाला होता, आपण विशीत असताना. सुहासच्या कॉम्प्युटरवर तो दर वेळी त्याच एका बंदरात हँग व्हायचा. मी म्हणायचे, हाच पुन्हा नीट करायला हवा, एवढं मोठं जग आणि त्या गेमने एकच बंदर दाखवलं. तू म्हणायचास, सात पुलांचं करा. "कॉम्प्युटर काहीच विसरत नाय ना, त्याला विसरायला शिकवा. मग बघायला मजा येईल." आपण कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला याद्या करायचो आणि एकमेकांच्या खोडायचो. हे करता करता मी खरोखरच गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले आणि तू दूध तपासत राहिलास, पण यादीत शेवटचा शब्द तुझाच असायचा. मला त्याचा राग यायचा. आता सांगते, कारण तेव्हा कधी सांगितलं नाही.

हाकेचं रान मात्र कुठल्या झेरॉक्समधून आलं नाही. ते तुझ्या आयेकडून आलं आणि आरेतून आलं. सकाळच्या बसने तू तबेल्यांकडे जायचास तेव्हा धुकं असायचं, झाडांतून पाड्यावरचं कुणीतरी कुणाला तरी हाक मारायचं आणि दिसायचं नाही. आये मालवणची. तिने तुला लहानपणीच बजावलेलं होतं, "पयल्या हाकेक ओ देव नको. माणूस आसलो तर परत हाक मारतलो." एवढ्या एका वाक्यावर तू अख्खं रान उभं केलंस. त्या रानात एक काहीतरी राहतं. ते गेलेल्या माणसांच्या आवाजात हाक मारतं, फक्त एकदाच मारतं, आणि जो पहिल्या हाकेला ओ देतो तो परत येत नाही. त्याला नाव द्यायचं नाही, हा तुझा नियम. सुहासची खेळातली तीन माणसं त्या रानात गेली, कारण सुहासला कुणी हाक मारली आणि तो गप्प बसला असं आयुष्यात झालेलं नाही.

खेळातला तो नियम आपल्या घरांत शिरला. कधी शिरला ते आठवत नाही. तुझा फोन आला की मी पहिला वाजू द्यायचे, उचलायचे नाही. तू परत करायचास, मग मी "बोल" म्हणायचे. माझ्या फोनला तूही तसंच. माझ्या आईला वाटायचं, आपलं काहीतरी लफडं आहे. तुझ्या बायकोला, सविता वहिनीला, सगळं ठाऊक होतं, ती नुसती कपाळावर हात मारून घ्यायची. चाळिशी उलटलेली तीन माणसं आणि फोन उचलायचा तर आधी रानाची परवानगी.

आता त्या शनिवारबद्दल. त्याबद्दल मी तुझे आभार कधीच मानले नाहीत.

माझे बाबा गेल्यावर मी महिन्याभराने पहिल्यांदा आले होते. तू नको म्हणत होतास, मीच हट्टाने आले. खेळ रंगला. खेळात मी असायचे ती धनगरीण रानाच्या आत गेली, तू पडद्यामागे फासे टाकलेस. पुठ्ठ्याचा तो पडदा, कुणाच्या तरी साखरपुड्याच्या मिठाईच्या खोक्याचा, आतल्या बाजूला अजून केशराचा वास होता त्याला. फासे थांबले आणि तू त्यांच्याकडे बघितलंस. सुहासने श्वास रोखलेला मला ऐकू आला. आम्हा सगळ्यांना कळलं होतं काय आलं असणार. आता हाक येणार, गेलेल्या माणसाच्या आवाजात, आणि माझ्याकडे त्या महिन्यात गेलेलं माणूस एकच होतं. मला वाटत होतं, मार एकदाची हाक, आणि मला वाटत होतं, नको रे, हात जोडते.

तू वर बघितलंस. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंस. आणि म्हणालास, "आज रान गप्प आहे." मग आत बघून ओरडलास, "सविता, भजी टाकतेस का गं?"

फाशांवर काय आलं होतं ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. घरी जाऊन मी बाबांसाठी पहिल्यांदा नीट रडले.

त्या दिवशीचं मला एवढं नीट आठवत होतं, तरी मी त्या शेवटच्या बुधवारी संध्याकाळी तुझ्याकडे रान मागायला आले. याचंच मला नवल वाटतं.

कंपनीला टेबलावरच्या खेळातलं एक जग हवं होतं, मोठा गेम करायला. कुठल्या जगावर गेम निघायला हवा याची यादी मी करायची होती, गुरुवारी सकाळी मांडायची होती. म्हणजे आपला वीस वर्षांचा वाद, आणि त्याचा मला पगार. मी मिठाचं जग घातलं, सात पुलांचं घातलं आणि सगळ्यांत वर हाकेचं रान. तुला न विचारता घातलं आणि मग विचारायला आले. तू चहा टाकलास. ऐकून घेतलंस. आणि म्हणालास, "नाय गं मंजू."

"का पण?"

"ज्या जगाला थांबता येतं ना, त्याचा गेम होतो. माणूस बटण दाबून जेवायला जातो, जग तसंच उभं. मिठाचं थांबेल. सात पुलांचं तर मस्त थांबेल. माझं रान हाक मारतं. हाक मारायच्या आधी समोरच्याचं तोंड बघावं लागतं. ते कोण बघणार?"

मी म्हटलं, त्याची सोय करता येते. सुरुवातीलाच विचारायचं, तुमच्या घरी अलीकडे कुणी गेलंय का, हवं तिथे टिक करायची. तू माझ्याकडे बघतच राहिलास. "टिक?" म्हणालास. "टिक करायची?" आणि हसायला लागलास. मला ते हसणं झोंबलं. मी दिवसभर दमलेली होते, अंधेरीहून उभ्याने आलेली, आणि मला वाटलं, हा दूधवाला माणूस मला माझं काम शिकवतोय. हो, अगदी असंच वाटलं, लपवून काय करू. मी पर्स उचलली आणि म्हटलं, "ठीक आहे. मग तुझ्याबरोबर मरू दे तुझं ते रान."

तू म्हणालास, "चहा पिऊन जा."

मी तशीच निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी मांडत होते. मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'हाकेचं रान'. पावणेबाराला टेबलावर फोन थरथरला, तुझं नाव आलं. मला रागही आला आणि बरंही वाटलं. वाटलं, चला, नरमला. नेहमीप्रमाणे पहिला वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला की सगळ्यांची माफी मागून बाहेर जायचं, असं ठरवून मी फोन उलटा न ठेवता सुलटा ठेवला आणि बोलत राहिले. एक डोळा त्याच्यावर. तो परत वाजला नाही.

दीड वाजता मी तुझ्या नंबरावर फोन केला तेव्हा तो वहिनीने उचलला. तू आरेतल्या बसस्टॉपवर बसलास तो बसलेलाच राहिलास, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, कुणाच्याही हातात काही नव्हतं. मी त्यांना तीनदा विचारलं, बारा वाजता कळलं असतं तर? त्यांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं. मी तिन्ही वेळा विश्वास ठेवला आणि घरी येईपर्यंत तो उडून गेला.

माणूस असला तर परत हाक मारतो म्हणे. तू माणूसच होतास रे. तुला वेळ मिळाला नाही, एवढंच.

आता खरी भीतीची गोष्ट सांगते. ती माझ्या हातून झाली आहे.

सुहास शनिवारी दुपारी पेंगायचा आणि काय झालं ते हुकायचं, म्हणून गेली दोन वर्षं तो आपली सत्रं फोनवर रेकॉर्ड करायचा. तुझ्या दहाव्यानंतर त्याने सगळं एका पेनड्राइव्हवर घालून मला दिलं. मी एकच तुकडा ऐकला. तुझा आवाज, पाठीमागे तुमच्या त्या छताच्या पंख्याची टकटक आणि वहिनीच्या कुकरची शिटी. पंख्यामुळे शब्द नीट कळत नव्हते. मी तो तुकडा ऑफिसातल्या आवाजवाल्यांना दिला. म्हटलं, एवढा पंखा काढून द्या, मला घरी ऐकायचाय. खरंच तेवढंच मनात होतं. निदान मला तरी तसंच आठवतंय.

यादीतलं रानच सगळ्यांना आवडलं होतं, म्हणून गेल्या सोमवारी आमच्या प्रोड्युसरने मीटिंग घेतली. मुलगा हुशार आहे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, वाईट नाही. म्हणाला, एक गंमत दाखवतो, घाबरू नका. दिवे बारीक केले. आणि स्पीकरमधून तू म्हणालास, "मंजू."

दिगू, तो तूच होतास. 'मं'वर थोडा जोर आणि शेवटी जरा वर गेलेला सूर, म्हणजे 'ऐकतेस ना' असा. हा शब्द त्या तुकड्यात तू कुठे उच्चारलाच नव्हतास. यंत्राने तुझा आवाज शिकून तो तयार केला होता.

आणि मी म्हटलं, "ओ."

मोठ्याने म्हटलं, सगळ्यांसमोर. वीस वर्षांत रानात एकदाही चूक न करणारी मी, पहिल्या हाकेला ओ देऊन बसले. खोलीत टाळ्या पडल्या. प्रोड्युसर म्हणाला, बघा, चाललं, असाच पाहिजे, खेळणाऱ्याच्या कानात या आवाजात त्याचं नाव. मी पण हसले. ते हसू अजून जबड्यात अडकल्यासारखं वाटतं.

नंतर बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून उभी राहिले. सगळ्यांत जास्त कशाने घाबरले ते तेव्हा कळलं. तुझ्या आवाजामागे पंखा नव्हता. कुकर नव्हता, खालच्या पोरांचा दंगा नव्हता. तू बोलत होतास आणि तुझ्या मागे घर नव्हतं. तू जन्मभर ज्याचं नाव घेऊ नका म्हणालास, जे गेलेल्यांच्या आवाजात एकदाच हाक मारतं, ते आम्ही अंधेरीत चौथ्या मजल्यावर एसीत बसून तयार केलं होतं. आणि तुझा आवाज त्याला मी नेऊन दिला.

वहिनीकडे गेले, कारण रान आता तिचं. ज्यांत तू रान लिहून ठेवलंस त्या वह्याही तिच्या, तुझा आवाजही तिचाच. मी सगळं सांगितलं, टाळ्यांचंसुद्धा. ती पोळ्या लाटत होती.

"त्या गेममध्ये तो काय बोलणार?" तिने विचारलं.

"आम्ही लिहू ते."

"म्हणजे तो कधी बोललाच नाय, ते पण?"

"हो."

तिने पोळी उलटली. मग खाली बघतच म्हणाली, "मलापण हाक मारेल का गं तो?"

मारेल वहिनी, हवी तेवढी मारेल, रोज मारेल, असं म्हणायला पाहिजे होतं, कारण ते खरं आहे. तिने एकदा ऐकलं असतं तर परत ऐकलं असतं, मग झोपताना ऐकलं असतं. मी तिला दोष देत नाही, कारण माझंही तेच चाललंय. गेले सहा दिवस माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. त्या यंत्रात एक वाक्य टाइप करायचं, 'गुरुवारी कशाला फोन केला होतास?' ते उत्तर देईल. तुझ्या आवाजात देईल. रानाला होकार देईल किंवा नकार देईल, रागावलो नव्हतो म्हणेल, आणि मी त्यावर विश्वास ठेवेन. ते खोटं आहे हे कळत असूनही ठेवेन. एवढी भीती मला तुझ्या रानात कधी वाटली नाही. तिथे निदान परत यायची वाट तू ठरवून ठेवलेली असायचीस.

निघताना वहिनी म्हणाली, "तू ठरव. तुला त्यातलं कळतं." मला काय कळतं ते तुला माहीतच आहे.

उद्या सोमवार. उद्या पेनड्राइव्ह आणि वह्या द्यायच्या, किंवा नाही म्हणून सांगायचं. दिलं तर रान जगेल, हजारो पोरं त्यात शिरतील, तुझी आये सांगायची ते वाक्य कुठल्या कुठल्या देशांत पोचेल. नाही दिलं तर मी बोलले होते तसंच होईल. तुझ्याबरोबर मरेल. सुहास आणि मी, आणखी दहा-पंधरा वर्षं आठवणी काढू, मग संपलं. मला हेही सहन होत नाही. सकाळपासून मी बोरिवलीच्या गॅलरीत ही वही घेऊन बसले आहे आणि दोन्ही बाजूंनी मला भीतीच वाटते आहे. तू असतास तर पडद्याआडून वर बघून एका वाक्यात

आत्ता परत येऊन बसले. वरचं वाक्य तसंच राहू दे.

फोन वाजला होता. पलंगावर होता, मी आत जाऊन बघितलं. तुझं नाव. 'दिगू', आणि तुझा तो टोपीतला फोटो. दुपारचे चार वाजलेत, उन्ह आहे, खाली इस्त्रीवाला कुणाशी तरी भांडतोय, आणि मी माझ्याच घरात चोरासारखी उभी आहे. तुझा फोन वहिनीकडे आहे हे मला माहीत होतं. ती कधीच त्यावरून करत नाही, हेही माहीत होतं. मला ते चौथ्या मजल्यावरचं यंत्र आठवलं. बोट त्या हिरव्या खुणेपर्यंत जाईना. थांब, परत वाजू दे, माणूस असेल तर परत वाजेल, वीस वर्षांची सवय मला सांगत होती. आणि मला पावणेबारा आठवले.

मी उचलला. पहिल्याच वेळी.

पलीकडे कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाली, "अगं बाई. पहिल्याच हाकेला उचललास?"

"हो."

"मी आपली वाजवून ठेवणार होते. म्हटलं, मग परत करू. माझा फोन चार्जिंगला लावलाय." मग म्हणाली, "घाबरली असशील."

"खूप."

"मग थांबायचं ना."

"आणि परत वाजलाच नसता तर, वहिनी?"

ती काही बोलली नाही. मीही नाही. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं, टकटक, टकटक. तुमचा पंखा. तुझ्या नंबरामागे घर होतं.

मग तिने नाक ओढलं आणि कामाचं बोलायला लागली. सुहास येऊन गेला म्हणाली. शनिवारी टेबल उघडायचं का विचारत होता. "मलापण बसायचंय," ती म्हणाली. मी म्हटलं, तुला रान कुठे माहीत आहे? तर ती जवळजवळ चिडलीच. "वीस वर्षं आतून ऐकतेय मी. तुझी धनगरीण ओढ्यापाशी उभी आहे अजून, एवढंसुद्धा तुला आठवत नसेल." मला खरंच आठवत नव्हतं. मी विचारलं, पण सांगणार कोण? "तू सांग. चुकलीस तर मी आहे."

मी तिला सांगितलं, उद्या ऑफिसात नाही म्हणणार आहे. मिठाचं आणि सात पुलांचं, दोनच जगं ठेवणार यादीत. तुझा आवाज काढून टाका म्हणणार, माझ्यासमोर. नोकरीचं काय होईल ते होईल, वाट लागली तर लागली. पेनड्राइव्ह तिला आणून देणार. ती म्हणाली, "बरं." तेवढंच. मला वाटलं, ठेवतेय फोन.

"आणि ऐक," ती म्हणाली. "शनिवारी चहा पिऊन जायचं. त्या बुधवारी तशीच गेलीस. तुझा कप झाकून ठेवला त्याने. म्हणाला, मंजू चहा न पिता गेली, डोक्यात राख घालून. उद्या करतो तिला फोन."

"अजून काय म्हणाला?"

"अजून काय म्हणणार? एवढंच म्हणाला. मग तो चहा पण त्यानेच प्यायला."

तर दिगू, शनिवारी येते. आधी चहा घेईन, मग पुठ्ठ्याचा पडदा उभा करेन आणि तुझ्या खुर्चीत बसेन. हाक मारायची वेळ आली तर आधी वहिनीचं तोंड बघेन. मला ते जमेल की नाही माहीत नाही. मी चुकणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.